टोनी कुकोचची लाल जर्सी : मोसम १९९५-९६

शिकागो बुल्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाच्या १९९५-९६ च्या मोसमातील टोनी कुकोचच्या ७ क्रमांकाच्या जर्सीची ही अधिकृत प्रतिकृती जपून ठेवण्यापेक्षा अंगात घालण्यासाठी जास्त योग्य आहे. कापड जाळीदार पॉलिस्टरचे असून खेळताना अंगाला चिकटत नाही. अंक छापील नसून वेगळ्या कापडाचे कापून बसवलेले असल्यामुळे लवकर उडण्याची भीती नाही. मात्र नव्या जर्सीत ते पोटापाशी ताठ लागतात आणि काही धुण्यांनंतरच मऊ पडतात.

कुकोचच्या जर्सीसाठी हाच मोसम निवडला, हे मला फार आवडले. क्रोएशियातील स्प्लिट शहराच्या युगोप्लास्तिका संघाने १९८९, १९९० आणि १९९१ असा सलग तीन वेळा युरोपियन चषक जिंकला, त्या संघाचा हा डावखुरा खेळाडू पुढे इटलीत त्रेविझोकडून खेळला आणि १९९३ मध्ये शिकागोला गेला, तो युरोपातील सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक म्हणूनच. अमेरिकेत त्याला आपली योग्यता नव्याने सिद्ध करावी लागणार, याची झलक बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये आधीच दिसली होती. क्रोएशियाच्या अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात शिकागोचेच तारे स्कॉटी पिपेन आणि मायकेल जॉर्डन यांनी त्याला अवघ्या ४ गुणांवर रोखले. अंतिम सामन्यात मात्र त्याने १६ गुण मिळवले. १९९४ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, न्यूयॉर्कविरुद्ध १.८ सेकंद उरलेले असताना प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी शेवटचा फटका त्याच्याकडे सोपवला, ते न रुचल्यामुळे पिपेन बाकावरून उठला नाही, आणि कुकोचने तो सामना जिंकून दिला. एवढे करूनही १९९५-९६ मध्ये त्याने बहुतेक सामन्यांत राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरणे स्वीकारले, सर्वोत्तम राखीव खेळाडूला दिला जाणारा त्या मोसमाचा 'सर्वोत्तम सहावा खेळाडू' हा पुरस्कार मिळवला, आणि संघाने ८२ पैकी ७२ सामने जिंकले. जो दुसरीकडे निर्विवाद नायक होता, त्याने ही भूमिका इतक्या समर्थपणे निभवावी, हे मला त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे यश वाटते. २०२१ मध्ये बास्केटबॉलमधील दिग्गजांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये झालेला त्याचा समावेश त्यामुळेच उशिरा मिळालेला न्याय वाटतो.

ज्यांच्या मनात स्प्लिटच्या पिवळ्या पोशाखातील कुकोच आहे, त्यांचे समाधान या जर्सीने होणार नाही, आणि खालच्या कडेला शिवलेल्या पट्टीवर नाव व मोसम यांपलीकडे काहीही नसल्यामुळे नव्या वाचकाला त्या इतिहासाचा पत्ताही लागत नाही. किमान सोबतच्या कागदावर दोन ओळी हव्या होत्या.

जर्सीची घडण सैल आणि लांब आहे, त्यामुळे टी-शर्टवरून घालायची नसेल तर नेहमीपेक्षा एक माप लहान घ्यावे. धुताना ती उलटी करून थंड पाण्यात धुवावी आणि अंकांवर इस्त्री फिरवू नये.