दोन इंच उचललेल्या ट्रॅव्हलर व्हॅनला 235/75 आर 15 टायर : वापरून सांगते

निकाल आधीच सांगते. व्हॅन दोन इंच उचललेली असेल, मागं माल भरायचा असेल आणि रस्ता कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या पुढचा, म्हणजे कच्चा असेल, तर मूळच्या 15 इंची स्टील रिमवरच 235/75 आर 15 टायर घ्या (235 मिलीमीटर रुंदी, भिंतीची उंची त्याच्या 75 टक्के, रिम 15 इंची). ए/टी नक्षीचा, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारा, आणि भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) 109 असलेला. 31 इंच व्यासाच्या टायरच्या नादाला लागू नका.

आमचा धंदा मधाचा. सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या रात्री भरायच्या, व्हॅनच्या मागच्या दाराला जाळी लावायची आणि पाटगावकडं जिथं फुलोरा असेल तिथं उजाडायच्या आत उतरवायच्या. मधमाशीला हिसका खपत नाही. एक जोराचा दणका बसला की चौकटीतलं पोळं तुटतं, मध सांडतो आणि सगळी वसाहत बिथरते. म्हणून टायर बघताना दिसण्यापेक्षा रबराच्या भिंतीची उंची मला महत्त्वाची होती. 235/75 मध्ये ती 176 मिलीमीटर मिळते. बाहेरचा व्यास तेवढाच ठेवून 17 इंची अलॉय टाकले असते तर भिंत 151 वर आली असती. मधले 25 मिलीमीटर म्हणजे खड्डा टायरनं गिळायचा की पेटीनं, एवढा फरक.

गाडी कमान पाट्यात जादा पाटे घालून उचलली आहे. उचलल्यावर बऱ्याच जणांना वाटतं की आता कुठंही जाता येईल. तसं होत नाही. बॉडी वर गेली, मागच्या डिफरन्शियलचा गोळा (मागच्या दोन चाकांच्या मधोमध खाली लोंबणारा गिअरचा डबा) होता तिथंच राहिला. तो वर जातो फक्त मोठ्या टायरनं, तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानं. माझ्या गाडीला आधी 215/75 आर 15 होते, व्यास साधारण 703 मिलीमीटर. नवे 733. म्हणजे गोळा दीड सेंटीमीटर वर गेला. ऐकायला कमी वाटेल, पण पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पूर्वी ज्या ठिकाणी गोळ्याला घासायचा, तिथून आता गाडी मोकळी निघते. लिफ्टचं खरं काम मोठ्या टायरला जागा करून देणं, एवढंच.

एका दुकानात मला 31 बाय 10.5 गळ्यात मारायचा भरपूर प्रयत्न झाला. तो टायर 7 ते 9 इंच रुंदीच्या रिमवर बसतो. माझी रिम 6 इंची, म्हणजे पाचही रिमा बदलायच्या. रुंद रिम बाहेर काढून बसवली की चाकाच्या बेअरिंगवर ताण, स्टिअरिंग जड, आणि वळवताना टायर आतून घासायची भीती वेगळीच. व्यास जवळपास 12 टक्के वाढणार, म्हणजे स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 89 च्या पुढं असणार, आणि भरलेल्या गाडीला घाट चढताना एक गिअर खालीच राहायला लागणार. 235 ला 6 ते 8 इंची रिम चालते. माझी काठावर का होईना, बसते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या मामांकडून शेवटी टायर घेतले, त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, आधी गाडीचा वजनकाटा करून आणा, मग साइज बोलू." इतकं मोलाचं कुणी सांगितलं नव्हतं. पेट्या, पाण्याचे कॅन, माणसं सगळं भरून वजनकाट्यावर गेले. आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर. मागच्या एक्सलवर 1640 किलो भरले, म्हणजे एका टायरवर 820. भारांक 100 चा टायर 800 किलो पेलतो, तो तिथंच बाद. 105 चा 925, तो चालला असता, पण खड्ड्यात भार एका बाजूला कलंडतो तेव्हा हातात काही उरत नाही. 109 चा 1030 पेलतो. साइज तीच असून भारांक वेगळे मिळतात, त्यामुळं फक्त साइज सांगून ऑनलाइन मागवणाऱ्यांनी टायरच्या बाजूवरचा आकडा नीट वाचावा. बनावटीची तारीखही तिथंच असते. शेवटचे चार आकडे 1824 असतील तर 2024 सालचा अठरावा आठवडा.

मामांनी बसवल्यावर आतल्या मडगार्डला खडू फासला, एक पुढचं चाक ठोकळ्यावर चढवलं आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवलं. खडू कुठं पुसला गेला ते टॉर्चनं बघितलं. उजवीकडं प्लॅस्टिकच्या एका कोपऱ्याला स्पर्श होत होता, तेवढाच कापला. मग अलाइनमेंट. गाडी उचलल्यावर ती करायलाच हवी, नाहीतर नवा टायर एका कडेनं झिजतो.

आता उणं. हायवेला कागलच्या पुढं वेग धरला की ए/टी नक्षीचा घुमणारा आवाज येतो, रेडिओ मोठा करावा लागतो. अॅव्हरेज कमी दिसतं. मात्र त्यातला काही भाग नुसता दिसण्यापुरता आहे. टायर मोठा झाल्यामुळं मीटर 4 टक्के कमी किलोमीटर मोजतो. तेवढे मिळवून हिशोब केला तरी थोडी घट राहतेच, कारण टायर जड आहे. स्टेपनीही त्याच साइजची घेतली, आणि ती खालच्या पिंजऱ्यात बसवायला मामांच्या पोराला बराच घाम गाळावा लागला. स्टेपनीत पैसे वाचवू नका. मागच्या एक्सलला दोन वेगळ्या व्यासाची चाकं लागली की डिफरन्शियलच्या आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. काम काढायच्या आधी ताराबाई पार्कातल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

ज्यांची व्हॅन फक्त कोल्हापूर-पुणे पळते, त्यांनी 215 च ठेवावा आणि उरलेल्या पैशात चांगले शॉकअॅब्सॉर्बर घालावेत. माझ्यासारखी ज्यांची गाडी डांबर संपल्यावरच खरी कामाला लागते, त्यांनी काटा करून मामांकडं जावं. दुकान सोमवारी बंद असतं.