रबाळ्याची भट्टी आणि एल्मरचा सॉल्व्हर: आठ महिने वापरल्यावर

रबाळे एमआयडीसीत आमचं भट्ट्या बनवायचं छोटं युनिट आहे. सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं महागडं लायसन्स परवडणारं नव्हतं, म्हणून एल्मर घेतलं, उष्णता कशी पसरते याचं गणित संगणकावर सोडवणारं सॉफ्टवेअर. फिनलंडच्या सीएससी या सुपरकॉम्प्युटिंग केंद्राचं, 2005 पासून ओपन सोर्स. काम एकच: स्टीलचा जॉब (भट्टीत ठेवलेला भाग) 900 अंशांपर्यंत तापायला किती वेळ घेतो ते काढायचं.

पहिले दोन आठवडे मी आकडे सेल्सिअसमध्ये भरत होतो. सोल्युशन झकास कन्व्हर्ज व्हायचं (उत्तर एका जागी स्थिरावायचं), जॉब मात्र तापता तापत नव्हता. रेडिएशन, म्हणजे किरणांनी जाणारी उष्णता, केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर चालते. 900 सेल्सिअस म्हणजे 1173 केल्विन, आणि या दोन आकड्यांच्या चौथ्या घातांत जवळपास तिपटीचा फरक. सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, गाढवपणा माझाच.

केल्विन भरल्यावर तापमान इटरेशनगणिक (हिशोबाच्या दर फेरीला) वरखाली उड्या मारू लागलं. रिलॅक्सेशन फॅक्टर, म्हणजे दर फेरीत नव्या उत्तराचा किती वाटा घ्यायचा तो आकडा, 1 वरून 0.3 वर आणला आणि सगळं शांत झालं. इथे मी फसलो. फॅक्टर कमी केला की दोन इटरेशनमधला बदल तसाही लहानच दिसतो, त्यामुळे टॉलरन्स (बदल याहून लहान झाला की थांबायचं ती मर्यादा) गाठायच्या आधीच गाठल्यासारखा वाटतो. आता 0.7 च्या खाली जात नाही. त्याऐवजी सुरुवातीचं तापमान नीट देतो, आणि आधी पिकार्ड या संथ पद्धतीच्या सात-आठ फेऱ्या होऊ देऊन मगच न्यूटन ही वेगवान पद्धत चालू करतो. उत्तराच्या जवळ गेल्यावर न्यूटन दोन-तीन फेऱ्यांत काम उरकतो. लांबून सोडला तर भरकटतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते स्टीलच्या विशिष्ट उष्म्याने (एक किलो स्टील एक अंश तापायला लागणारी उष्णता). साधारण 735 अंशांजवळ त्याच्या आलेखाला सुळका आहे. टाइम स्टेप, म्हणजे हिशोबातली वेळेची एक पायरी, 60 सेकंदांची ठेवली की पातळ जॉब तो सुळका उडी मारून ओलांडतो, तिथे शोषली जायची उष्णता हिशोबातच येत नाही आणि जॉब खऱ्यापेक्षा लवकर तापतो. एरर एकही नाही! थर्मोकपलचा (भट्टीतलं खरं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा) चार्ट शेजारी ठेवला तेव्हा कळलं. आता 700 ते 780 च्या पट्ट्यात स्टेप 5 सेकंदांची, आणि आत गेलेली उष्णता व साठलेली उष्णता यांचा ताळा दर वेळी.

लिनियर सॉल्व्हरशी, म्हणजे दर फेरीतली समीकरणं सोडवणाऱ्या भागाशी, फार खेळू नका. छोट्या मेशला (भागाचे पाडलेले बारीक तुकडे) अम्फपॅक, मोठ्याला बायसीजीस्टॅब आणि आयएलयू, हे एल्मरमधले तयार पर्याय, बस्स.

व्ह्यू फॅक्टर, म्हणजे भट्टीतला कुठला पृष्ठभाग दुसऱ्याला किती दिसतो त्याचे आकडे, काढणं मात्र वेळखाऊ. भट्टीचं माप बदललं की ते रात्री लावून जातो. सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडून येईपर्यंत झालेले असतात, मध्ये वीज गेली नसेल तर.