कुपवाडच्या लेथ कारखान्यातून करून घेतलेली हत्यारे

जुने खिशातले चाकू दुरुस्त करण्यासाठी लागणारी तीन हत्यारे मी सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका लहान लेथ कारखान्यातून करून घेतली: रिव्हेट (चाकूचे भाग जोडणारा खिळा) ठोकून बाहेर काढण्यासाठी त्यापेक्षा किंचित बारीक पंच, भोके पाडलेली छोटी ऐरण आणि चाकूच्या पाठीची स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा. त्यांत पंच सर्वांत सरस उतरला आहे. सिल्व्हर स्टील या हत्यारी पोलादाची कांडी लालबुंद तापवून आणि तेलात बुडवून पाणी दिल्यावर, म्हणजे कडक केल्यावर, कारागिराने ती घासून चकचकीत केली व रंग जांभळट होईपर्यंत, म्हणजे सुमारे २८० अंश सेल्सिअसपर्यंत, पुन्हा तापवली. त्यामुळे गंजून घट्ट बसलेल्या रिव्हेटवर ठोकले तरी टोक तुटत नाही की वाकत नाही. ऐरणीच्या भोकांच्या कडांवरची बर (भोक पाडताना उरलेली धातूची धारदार कड) मात्र नीट काढलेली नव्हती आणि तिचे ओरखडे चाकूच्या पितळी पट्टीवर उठतात, तेव्हा त्या कडा घरी कानशीने मारून घ्याव्यात. शिकंजा ठीक आहे. दर वाजवी असले तरी नमुन्याचा चाकू सोबत नेणे आवश्यक आहे, कारण कागदावरच्या मापांवर येथे कोणी विसंबत नाही, आणि हाताने घडवलेल्या जुन्या चाकूंच्या बाबतीत ते योग्यच आहे.