टिळकवाडीतला जावा क्लास: साडेतीन स्टार, त्यातले दोन लॅबमधल्या अक्काचे

क्लासचं नाव घालत नाही, उगं भांडण नको. बेळगावात टिळकवाडीत आहे, जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात, मी खानापूरहून बसनं जायचो, तीन महिने केला. फी वाजवी, सर हुशार, कन्नड मराठी इंग्लिश तिन्ही मिक्स करून बोलतात, खरं बॅचमध्ये चाळीस पोरं आणि सर "तिळीतेन?" (कन्नडमध्ये, कळलं का?) म्हणून पुढं पळतात, चाळीस जणांत नाही कोण म्हणणार सांगा.

जावातला क्लास (म्हणजे साचा), ऑब्जेक्ट (साच्यातून काढलेली वस्तू), कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) दोन दिवसांत उरकलं आणि कुठलं व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) कुठं दिसतं, म्हणजे स्कोप, त्याला जेमतेम दहा मिनिटं. सगळी पोरं अडकतात ती तिथंच की.

माझंच सांगतो. मामाचं कुंद्याचं दुकान आहे, त्याच्यासाठी बिलाचा प्रोग्राम करायला घेतला. कन्स्ट्रक्टरमध्ये रेट आत घेतला आणि खाली लिहिलं रेट = रेट. एरर नाही काही नाही, मस्त रन झाला, आणि दोन किलो कुंद्याचं बिल आलं 0.0. मामा म्हणाला असलं दुकान चालवलं तर झालंच आमचं. दोन तास गुणाकार तपासत बसलो, गुणाकार बरोबर. सरांना विचारलं तर "धिस लाव" एवढं बोलून गेले. लावलं, चाललं, का चाललं ते ठाऊक नाही.

लॅबमध्ये एक अक्का असते, तिनं सांगितलं ते डोक्यात बसलं. घरात उभं राहून बाळू म्हणून हाक मारली तर ओ कोण देणार, घरातलाच बाळू, गल्लीतला पाहिजे तर गल्लीतला बाळू असं म्हणावं लागतं. कन्स्ट्रक्टरमध्ये आलेला रेट हा घरातला, ऑब्जेक्टचा रेट बाहेरचा, आणि धिस डॉट म्हटलं की बाहेरचा ओ देतो. मी घरातल्याचे पैसे घरातल्यालाच परत दिले होते! आणि ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये, जावा आपणहून शून्य घालून ठेवतं म्हणून कोण ओरडलं पण नाही. मेथडमधल्या (क्लासमधल्या एका कामाच्या कोडमधल्या) लोकल व्हेरिएबलला हे लाड नाहीत, किंमत न घालता वापरलं की कंपाइलर, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासणारा, तिथंच अडवतो.

दुसरी फजिती याहून मोठी. मेनमधून, म्हणजे प्रोग्राम जिथनं सुरू होतो तिथनं, ऑब्जेक्टचं टोटल थेट वापरायला गेलो तर नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल इथनं वापरता येत नाही अशी एरर आली, शेजारचा म्हणाला स्टॅटिक लाव की, लावलं, एरर गेली, मी खूष, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल पहिल्याच्या बिलावर चढून आलं. अक्का हसली. स्टॅटिक म्हणजे गल्लीतली विहीर, सगळ्यांना मिळून एकच, टोटल ज्याच्या त्याच्या घागरीत पाहिजे बाळा. स्टॅटिक काढायचं, मेनमध्ये ऑब्जेक्ट करायचा आणि त्याचं टोटल मागायचं, एवढंच होतं.

पायथन ही दुसरी भाषा शिकून आलेल्या पोरांचं रडगाणं वेगळं. तिथं फॉर लूपच्या आत केलेलं व्हेरिएबल बाहेर पण चालतं, त्या सवयीनं जावात आले की सिम्बॉल सापडत नाही म्हणून एरर. त्यांच्याकडं सेल्फ (त्यांचं धिस) विसरायची बोंब आहेच.

बाकी, चार पीसींचे कीबोर्ड बाद आहेत, एकाचं सेमीकोलनच उठत नाही, आणि जावात जवळजवळ प्रत्येक वाक्य त्यानंच संपतं! पंखे बरे. घालायचा असला तर सकाळची बॅच घ्या, दुपारी दोननंतर अक्का नसते.