पेंटॅक्स के१०००चा मीटर: पावसाळा ते उन्हाळा वापरून

सेकंडहँड के१००० हा फिल्म कॅमेरा घेताना लोक शटरचा आवाज ऐकतात, लेन्सला बुरशी आहे का बघतात. मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, मात्र 'चालतोय ना?' एवढ्यावर सुटतो. वापरात खरा पैसा वसूल होतो तो मीटरवरच.

१९७६ ते १९९७ इतकी वर्षं हा कॅमेरा निघत होता. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला एक काटा, बाकी काही नाही. वर गेला की उजेड जास्त, खाली गेला की कमी. शटर पूर्ण मेकॅनिकल, सेल लागतो तो फक्त मीटरला. माझ्या नगाची परीक्षा सोपी होती: २०० आयएसओची (उजेडाला इतकी संवेदनशील) फिल्म, ऑक्टोबरचं स्वच्छ दुपारचं ऊन, शटर १/२५० सेकंद आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ १६ ठेवून उन्हातल्या गवतावर रोखला. काटा जवळपास मध्ये आला. पास.

पण मीटर बरोबर असला म्हणून फोटो बरोबर येतोच असं नाही. हा मीटर जवळजवळ सगळ्या चौकटीची सरासरी काढतो आणि समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं गृहीत धरतो. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला नदीकडून देऊळ घ्यायला गेलात की वरचं आभाळ काट्याला उचलून धरतं. त्याच्या कलाने गेलं तर देवळाची नुसती काळी आकृती उरते. कॅमेरा खाली झुकवून घाटाच्या पायऱ्यांवर काटा मध्ये आणायचा, सेटिंग तसंच ठेवून मग चौकट लावायची. उलट नुसता काळा पाषाण चौकटभर असेल तर एक स्टॉप कमी करायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), नाहीतर दगड धुतल्यासारखा फिका येतो. कास पठारावर धुक्यात एक स्टॉप जास्त.

एवढा हिशेब नको असेल तर तळहात. विषयावर पडतोय त्याच उजेडात हात धरा, कॅमेऱ्याची सावली त्यावर पडू देऊ नका, फोकस गेला खड्ड्यात. हाताने चौकट भरली आणि काटा मध्ये आला की अ‍ॅपर्चर एक स्टॉप उघडा. माणूस गोरा असो की सावळा, तळहातात फारसा फरक नसतो. माझे निम्म्याहून जास्त फोटो आता असेच होतात.

दोन खोडी आहेत. आतला सेन्सर जुन्या सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) जातीचा, त्याला आधीच्या उजेडाची आठवण राहते. उन्हातून थेट मंडपात शिरून लगेच बघितलं तर काटा खोटं बोलतो; थोडा दम धरा, तो हळूहळू सरकून जागेवर येतो. दुसरी खोड चष्मेवाल्यांसाठी. सेन्सर आयपीसच्या (डोळा लावायच्या काचेच्या) जवळच आहेत, त्यामुळे पाठीमागून ऊन असेल तर मागून शिरलेला उजेडही मोजला जातो आणि फोटो अंडर (काळपट) जातो. डोळ्याच्या बाजूला हाताचा आडोसा केला की भागतं.

मीटरला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण नसेल तर सेल खर्च होतच राहतो. घड्याळाच्या दुकानात एसआर४४ मागा. एलआर४४ स्वस्त पडतो, पण एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइडचा, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून असतो.

आणि निकाल स्कॅनवर लावू नका. लॅबचं मशीन प्रत्येक फ्रेम आपोआप उजळून देतं, त्यात दीड स्टॉपची चूक सहज झाकली जाते. निगेटिव्ह खिडकीशी धरा. सावलीच्या जागी काहीच तपशील नसेल, नुसती कोरी फिल्म दिसत असेल, तर उजेड कमी पडलाय. कलर निगेटिव्हला एखादा स्टॉप जास्त गेला तर चालतं, कमी गेलेला भरून निघत नाही. म्हणून मी २०० आयएसओचा रोल कॅमेऱ्यावर १६० लावून वापरतो. स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं) ही सूट नाही. ती या सरासरीवाल्या मीटरवर टाकायला माझं धाडस होत नाही.

घ्यायला जाल तेव्हा नवा सेल सोबत न्या. पांढऱ्या भिंतीकडे रोखून अ‍ॅपर्चरची रिंग एफ २ पासून २२ पर्यंत सावकाश फिरवा. काटा अडखळत, उड्या मारत चालला तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.