दोन्ही वेल नर निघाले

हार्डी किवीची जोडी ऑनलाइन मागवायचा विचार असेल, तर आधी माझं ऐका. दुकानात मिळते ती केसाळ किवी वेगळी. हिची फळं मोठ्या द्राक्षाएवढी, साल गुळगुळीत, सालीसकट तोंडात टाकायची. न्यू जर्सीच्या थंडीत वेल टिकतो, म्हणून मी भुलले. फळ मादी वेलालाच धरतं, पण त्यासाठी जवळ नरही लागतो. म्हणून 2020 मध्ये दोन रोपं आली. एकाच्या चिठ्ठीवर 'अनानस्नाया, मादी', दुसऱ्याच्या 'नर'. टपालखर्चासकट 62 डॉलर, एक वर्षाची हमी.

खरी मेख त्या हमीतच होती. या वेलाला फूल यायलाच तीन-चार वर्षं लागतात, आणि फुलाशिवाय नर-मादी ओळखू येत नाही.

पहिल्या वर्षी शेजारच्या मांजरांनी कोंब चावून ठेवले (त्यांना या वेलाचा भारी नाद), म्हणून भोवती जाळी लावली. पुढे एप्रिलच्या दहिवराने कोवळी पालवी करपली. नवऱ्याने दोन रविवार घालवून मांडव उभा केला.

2024 च्या मे अखेरीस दोन्ही वेल फुलले. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. तिने दोन्हीकडचं एकेक फूल तोडून तळहातावर ठेवलं. "अगं, ही तर सारखीच. मादी कुठली यातली?" मादी फुलात मधोमध हिरवी गाठ असते, तिच्यावर पांढऱ्या तंतूंचं चक्र. इथे दोन्हींत नुसते काळ्या टोकांचे पुंकेसर. "नर पपईचीच गत ही," म्हणत आई आत गेली.

विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं : हमी रोप जगण्याची होती. कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायची मुदतही केव्हाच उलटलेली.

बहुधा ती रोपं बियांची असणार. बियांचं रोप नर निघेल की मादी, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अनानस्नायासारखी नावाची जात छाटापासून किंवा कलमानेच करतात. मी ते विचारलंच नाही. जाहिरातीतल्या फोटोत केसाळ किवी होती, तीही मला दिसली नाही, म्हणजे बघा!

एक वेल उपटला. दुसरा ठेवलाय, एक नर सहा-आठ माद्यांना पुरतो. यंदा एका रोपवाटिकेतून दोन माद्या आणल्या. पावतीवर लिहून घेतलं : रोप छाटाचं, नर निघाल्यास पाच वर्षांपर्यंत बदलून मिळेल.