फ्रेंच खाद्यशब्द: चित्रपत्ते की पाककृती?

डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या ए-वन, म्हणजे सर्वांत पहिल्या पातळीसाठी खाण्यापिण्याचे फ्रेंच शब्द पाठ करायचे ठरवले की दोन वाटा समोर येतात. एक मोबाइलवरील चित्रपत्त्यांची, ज्यात चित्र, शब्द आणि उच्चार ठरावीक अंतराने पुन्हा पुढे येत राहतात. दुसरी, फ्रेंच पाककृती आणि उपाहारगृहांतील पदार्थांच्या याद्या वाचत वही भरण्याची. मी पहिल्या वाटेने पाच महिने गेलो आणि नंतर दुसरीकडे वळलो, त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही.

वेगात पत्ते पुढे आहेत, हे आधीच मान्य केलेले बरे. बसच्या प्रवासातही वीसेक शब्द सहज होतात, आणि उच्चाराबाबत तर पाककृती मुकीच असते. अंड्यासाठीच्या शब्दात एकवचनी शेवटचा ‘फ’ ऐकू येतो आणि अनेकवचनी तो नाहीसा होतो, किंवा शेंगांना ‘ले आरिको’ म्हणायचे, ‘ले झारिको’ नव्हे, हे कानाने ऐकल्याशिवाय पक्के होत नाही.

माझा पत्त्यांवरचा विश्वास उडाला तो एका बारीकशा त्रासामुळे. माझ्या ॲपमध्ये सारी नामे उघडी होती, म्हणजे त्यांच्याआधी येणारे ‘ला’, ‘द’, ‘आ’ असे लहान शब्द गाळलेले होते: ‘तास’ म्हणजे कप, ‘ते’ म्हणजे चहा. फ्रान्समधील लियों शहरातल्या एका कॅफेत मी ‘काफे ओ ले’च्या (दूध घातलेल्या कॉफीच्या) धर्तीवर ‘तास आ ते’ असे जुळवून मागितले. चहा मिळाला, पण त्यासोबत एक मिस्कील हसूही मिळाले, कारण ‘तास द ते’ म्हणजे कपभर चहा आणि ‘तास आ ते’ म्हणजे चहा पिण्याचा नुसता कप. मराठीत ‘चहाचा कप’ कपाटातला असो वा हातातला, शब्द एकच. म्हणून ही चूक आपल्याला चूक वाटतच नाही, आणि पत्ता ती दाखवतही नाही.

पाककृतीत मात्र हे लहान शब्द टाळताच येत नाहीत. साहित्याच्या यादीत ‘200 ग्रॅम द फारीन’ असते आणि चार ओळींनंतर, पीठ ओळखीचे झाल्यावर, तेच ‘ला फारीन’ होऊन येते. लिंगही त्याच ओघात कळते. मराठीत लिंगे तीन असल्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही, पण पीठ, दूध आणि मीठ ही आपली तिन्ही नपुंसकलिंगी नामे फ्रेंचमध्ये कोणत्या घरी जातील याचा नेम नसतो: पीठ स्त्रीलिंगी, दूध आणि मीठ पुल्लिंगी. पदार्थांच्या यादीत ‘तार्त ओ पॉम’ (सफरचंदाचा तार्त; ‘ओ’ हे ‘आ’चेच जोडरूप) आणि ‘ज्यू दोरांज’ (संत्र्याचा रस; इथे ‘द’ पुढच्या शब्दात मिसळलेला) शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा ‘आ’ आणि ‘द’ यांतला फरक हळूहळू अंगवळणी पडतो. कांद्याचे सूप ‘आ’ने आणि माशांचे ‘द’ने होते, म्हणून तिथेही नियमावर फार विसंबू नये, अख्खा शब्दसमूहच लक्षात ठेवावा.

शाकाहारी वाचकासाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘व्यांद’ म्हणजे मांस, एवढे पत्त्यावरून कळते. पण ‘मी मांस खात नाही’ म्हणताना ‘पा द व्यांद’ लागते आणि ‘मला मांस आवडत नाही’ म्हणताना ‘पा ला व्यांद’. शिवाय ‘सालाद लियोनेझ’ हे निरुपद्रवी नाव वाचून जो निर्धास्त होईल, त्याच्या ताटात अंड्यासोबत ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतील. माझ्या ॲपमध्ये कोंबडी होती, मासा होता, ‘लार्दों’ नव्हते.

दुसऱ्या वाटेतही उणिवा आहेत. सोलणे, चिरणे, मंद आचेवर शिजवणे अशी क्रियापदे ए-वनच्या विद्यार्थ्याला लगेच लागत नाहीत, आणि ‘द्यू पँ’ (थोडा पाव), ‘द ला काँफित्यूर’ (थोडा जॅम) यांसारखे प्रयोग पाककृतीत क्वचितच भेटतात. त्यासाठी मी रोज रात्री दिवसभरात काय खाल्ले ते चार वाक्यांत लिहीत असे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील माँत्रेयालला जाणाऱ्याने तर दोन्ही साधने तपासून घ्यावीत, कारण पॅरिसमध्ये ‘देजने’ म्हणजे दुपारचे जेवण, तर क्वेबेकमध्ये सकाळची न्याहारी. तिथे दुपारी ‘दिने’ असते आणि रात्री ‘सूपे’.

परीक्षा तीन आठवड्यांवर असेल, तर पत्तेच घ्यावेत. फक्त प्रत्येक पत्त्यावर नामाआधीचा शब्द आपल्या हाताने भरावा. सवड असेल, तर मला वाटते सुरुवात क्रेपच्या कृतीने करावी: 250 ग्रॅम पीठ, 4 अंडी, अर्धा लिटर दूध. ज्याला धिरडे घालता येते, त्याला त्या कृतीचा अर्थ शब्दकोश उघडण्याआधीच कळतो, आणि सारे लक्ष त्या ‘द’कडे देता येते.